लहान कण, लहान कंपनी आणि मोठी मंदी

एखादा शोध लागला की त्याची बातमी वर्तमानपत्रात येते, शास्त्रज्ञांची छायाचित्रे छापली जातात, आणि आपल्याला वाटते की आता ती वस्तू लवकरच बाजारात मिळेल. प्रत्यक्षात शोध आणि वस्तू यांच्यामध्ये बरीच लांब वाट असते. त्या वाटेवर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र लागते, तसाच पैशाचा हिशेबही लागतो. तो हिशेब चुकला, किंवा सगळ्या जगातच पैशाची टंचाई पडली, तर उत्तम शोधही वाटेतच अडकून पडतो.

अशा एका वाटेचा अभ्यास आपण या लेखात करणार आहोत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो नावाचे गाव आहे. तेथे २००१ साली ‘नॅनोसिस’ नावाची एक लहानशी कंपनी स्थापन झाली. तिचा व्यवसाय होता अब्जांश तंत्रज्ञानाचा, म्हणजेच नॅनोटेक्नॉलॉजीचा. कंपनी सात वर्षांची होते न होते तोच, २००८ साली, जगभर आर्थिक मंदी आली. अशा मंदीनंतर एखाद्या लहान विज्ञानाधिष्ठित कंपनीचे भवितव्य कशावर ठरते? हा आपला प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम या कंपनीचा माल काय होता ते पाहू.

अब्जांश म्हणजे किती?

एका मीटरचे अब्ज, म्हणजे १,००,००,००,००० समान भाग केले, तर त्यातल्या एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर या टप्प्यातील पदार्थ तयार करणे आणि त्यांचा उपयोग करून घेणे, याला अब्जांश तंत्रज्ञान म्हणतात.

पदार्थ इतका लहान केला की काय होते? एक सोपे गणित करू. १ सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याला सहा पृष्ठे आहेत, म्हणून त्याचे एकूण पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याच घनाचे १ नॅनोमीटर बाजूचे बारीक घन केले अशी कल्पना करा. पदार्थ तेवढाच राहिला, वजनही तेवढेच राहिले. पण सर्व बारीक घनांचे पृष्ठफळ एकत्र मोजले, तर ते ६,००० चौरस मीटर भरते. हे सुमारे दीड एकर शेताएवढे झाले!

याचा अर्थ असा, की अब्जांश कणातले बरेचसे अणू आतमध्ये दडलेले नसून पृष्ठभागावर उघडे पडलेले असतात. त्यामुळे असे कण हवेतील ऑक्सिजन आणि बाष्प यांच्याशी चटकन संयोग पावतात. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आकार बदलला की रंग बदलतो

नॅनोसिसच्या मालापैकी आपल्या दृष्टीने महत्त्वाचा माल म्हणजे क्वांटम डॉट. मराठीत त्याला पुंजबिंदू म्हणता येईल. हा कॅडमियम सेलेनाइडसारख्या अर्धवाहक पदार्थाचा अत्यंत सूक्ष्म स्फटिक असतो. त्याच्यावर निळा किंवा अतिनील प्रकाश टाकला, तर तो स्वतः दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतो. आश्चर्य असे, की हा रंग स्फटिकाच्या आकारावर ठरतो. सुमारे ३ नॅनोमीटर व्यासाचा स्फटिक हिरवा प्रकाश देतो, तर त्याच पदार्थाचा ५ ते ६ नॅनोमीटरचा स्फटिक लाल प्रकाश देतो. पदार्थ तोच, रासायनिक सूत्र तेच, पण रंग वेगळा.

असे का होते? सतारीची तार आठवा. तारेचा कंप पावणारा भाग जितका आखूड, तितका स्वर उंच. पुंजबिंदूतील इलेक्ट्रॉनची स्थिती काहीशी अशीच असते. इलेक्ट्रॉन हा तरंगासारखाही वागतो. त्याला मोकळेपणाने वावरायला जागा अपुरी पडली, की त्याच्या ऊर्जेच्या पातळ्यांमधील अंतर वाढते. मग तो वरच्या पातळीवरून खाली येताना अधिक ऊर्जेचा प्रकाशकण बाहेर टाकतो. अधिक ऊर्जा म्हणजे कमी तरंगलांबी, म्हणजेच वर्णपटाच्या निळ्या टोकाकडचा रंग. म्हणून लहान बिंदू हिरवा आणि मोठा बिंदू लाल.

हा गुणधर्म प्रथम सोव्हिएत संघातील अलेक्सेय एकिमोव्ह यांना १९८१ च्या सुमारास रंगीत काचेमध्ये आढळला. १९८३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लुई ब्रस यांना तो द्रावणातील कणांमध्ये दिसला. १९९३ मध्ये मौंगी बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत एकसारख्या आकाराचे बिंदू तयार करण्याची रीत शोधून काढली. तापवलेल्या द्रवात रसायने एकदम सोडून स्फटिकांची वाढ नियंत्रित करण्याची ही रीत होय. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात डॉ. सुलभा कुलकर्णी यांनी अशा अतिसूक्ष्म अर्धवाहक कणांवर अनेक वर्षे संशोधन केले आहे.

चौघांची खिचडी आणि चारशे पानांची पंगत

रीत सापडली म्हणजे कारखाना उभा राहिला, असे होत नाही. घरात चौघांची खिचडी चांगली करणारी गृहिणी चारशे पानांची पंगत त्याच हाताने उठवील असे सांगता येत नाही. मोठ्या पातेल्यात तळाशी करपते आणि वर कच्चे राहते. रसायनांच्या बाबतीतही हीच अडचण येते. चंचुपात्रातील थोडासा द्रव सगळीकडे एकाच तापमानाला ठेवणे सोपे असते. मोठ्या भांड्यात ते अवघड होते. तापमान जागोजागी वेगळे पडले, की स्फटिक लहानमोठे वाढतात. आणि आपण पाहिलेच, की आकार बदलला की रंग बदलतो! एका बॅचमध्ये नाना आकारांचे बिंदू झाले, तर शुद्ध हिरव्याऐवजी पिवळट, पोपटी अशी सरमिसळ हाती येते.

३ नॅनोमीटरच्या एका बिंदूत सुमारे पाचशे अणू असतात, आणि ५ नॅनोमीटरच्या बिंदूत दोन हजारांहून थोडे अधिक. एवढ्या थोड्या अणूंचे माप सांभाळत किलोवारी माल काढायचा! शिवाय तो हवा आणि बाष्प यांपासून जपायचा. हे सर्व साधायला वर्षे लागतात. या वर्षांत विक्री जवळजवळ नसते, पण पगार, रसायने, उपकरणे आणि वीज यांचा खर्च चालूच असतो.

पैसा येतो कोठून?

आंब्याचे कलम लावले, की पहिली चार-पाच वर्षे त्याला पाणी घालायचे, खत घालायचे, राखण करायची. फळ मिळते ते नंतर. तोपर्यंतचा खर्च शेतकऱ्याला दुसरीकडून भागवावा लागतो. विज्ञानावर उभ्या राहणाऱ्या लहान कंपनीचेही असेच असते.

तिला पैसा साधारणपणे चार ठिकाणांहून मिळतो. पहिले, सरकारी अनुदान. अमेरिकेत २००० साली राष्ट्रीय अब्जांश तंत्रज्ञान कार्यक्रम जाहीर झाला आणि संशोधनाला मोठे अनुदान मिळू लागले. दुसरे, साहस-भांडवल. काही धनिक संस्था नव्या कंपनीत पैसे घालतात. कंपनी बुडाली तर पैसे बुडतात, आणि ती वर आली तर अनेक पटींनी परत मिळतात. तिसरे, मोठ्या कंपन्यांबरोबर संयुक्त संशोधनाचे करार. आणि चौथे, जाहीर भागविक्री, म्हणजे सर्वसामान्य लोकांना कंपनीचे शेअर विकून भांडवल उभारणे.

साहस-भांडवल देणाऱ्यांची नजर या चौथ्या मार्गावर असते. कंपनीचे शेअर बाजारात आले, म्हणजे त्यांना आपला हिस्सा विकून मोकळे होता येते. तो मार्ग बंद झाला, की ते नव्या कंपनीत पैसे घालताना हात आखडता घेतात.

नॅनोसिसने हा मार्ग मंदीपूर्वीच चोखाळून पाहिला होता. एप्रिल २००४ मध्ये तिने भागविक्रीसाठी अर्ज केला. सुमारे १० कोटी डॉलर उभारायचे होते. त्या वेळी ‘नॅनो’ या शब्दाभोवती मोठे वलय होते. पण कंपनीजवळ विकायला एकही तयार वस्तू नव्हती. होती ती विद्यापीठांकडून वापराचा हक्क घेतलेली पेटंटे, नामवंत शास्त्रज्ञ आणि आशा. बाजाराची हवा बरी नाही असे पाहून ऑगस्ट २००४ मध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला.

मंदीने नेमके काय केले?

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतील मोठी वित्तसंस्था दिवाळखोरीत गेली. कर्जे देणाऱ्या संस्थांचा एकमेकांवरचा विश्वास उडाला. लोकांनी खरेदी कमी केली, कारखान्यांनी उत्पादन कमी केले, लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. २००९ साली जगाचे एकूण उत्पादन घटले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात असे प्रथमच घडले.

लहान कंपन्यांवर याचा परिणाम तीन बाजूंनी झाला.

पहिला परिणाम उघड होता. भागविक्रीचा दरवाजा जवळजवळ बंद झाला. २००७ साली अमेरिकेत दीडशेहून अधिक कंपन्यांनी प्रथमच शेअर विक्रीला काढले होते. २००८ साली ही संख्या त्याच्या पाचव्या हिश्श्याच्याही खाली आली.

दुसरा परिणाम गिऱ्हाइकांवर झाला. लहान कंपनी ज्यांना माल विकणार, त्या मोठ्या कंपन्यांनी नव्या प्रयोगांवरचा खर्च कमी केला. मंदीच्या वर्षात कोणी नवे यंत्र घ्यायला धजत नाही. जुन्यावरच भागवले जाते.

तिसरा परिणाम मात्र सहज लक्षात येत नाही. मंदीत प्रतिस्पर्ध्याचा मालही स्वस्त होतो. सौरघटांसाठी लागणारे शुद्ध सिलिकॉन २००८ मध्ये फार महाग होते. तात्काळ खरेदीच्या बाजारात त्याचा भाव किलोला ४०० डॉलरच्या घरात गेला होता. या महागाईकडे पाहून अनेक लहान कंपन्यांनी सिलिकॉनशिवाय चालणारे नवे सौरघट बनवायला घेतले होते. मंदी आली, सिलिकॉनचे नवे कारखानेही चालू झाले, आणि २०१२ पर्यंत हा भाव २० डॉलरच्या आसपास घसरला. नव्या सौरघटांचे विज्ञान चुकीचे ठरले नव्हते. ज्या महाग वस्तूची जागा ते घेणार होते, ती वस्तूच स्वस्त झाली.

कोणत्या झाडाला पाणी घालायचे?

विहिरीत पाणी कमी आणि बागेत झाडे पुष्कळ, अशा वर्षी शहाणा शेतकरी काय करतो? सगळ्या झाडांना थोडे थोडे पाणी घातले तर सगळीच वाळतात. त्याला निवड करावी लागते.

हा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका लहान कंपनीजवळ ३ कोटी ६० लाख रुपये शिल्लक आहेत. तिचे पाच प्रकल्प चालू आहेत आणि दरमहा ३० लाख रुपये खर्च होतो. म्हणजे पैसा १२ महिने पुरेल. पण कोणतीही वस्तू बाजारात यायला अजून ३० महिने लागणार आहेत. बाहेरून पैसा मिळणार नसेल, तर ही कंपनी माल बाजारात येण्यापूर्वी दीड वर्ष आधीच बंद पडेल. तिने चार प्रकल्प थांबवून खर्च दरमहा १२ लाखांवर आणला, तर तोच पैसा ३० महिने पुरतो.

कागदावर हा भागाकार पाचवीतला मुलगाही करील. पण थांबवलेल्या प्रत्येक प्रकल्पामागे कोणाची तरी चार-पाच वर्षांची मेहनत असते, आणि अनेकांची नोकरीही असते. शिवाय राखलेला प्रकल्पच चुकीचा निघाला, तर सगळेच जाते.

नॅनोसिसपुढे हाच पेच होता. सौरघट, इंधनघट, संगणकाची स्मृती, अतिसूक्ष्म तारांची मंडले, बॅटरी अशा अनेक दिशांना तिचे काम पसरले होते. मंदीच्या सुमारास कंपनीची सूत्रे नव्या व्यवस्थापनाकडे आली आणि तिने मुख्य भर एका गोष्टीवर द्यायचे ठरवले. ती गोष्ट म्हणजे टीव्ही आणि संगणक यांच्या पडद्यांसाठी पुंजबिंदू. बॅटरीचे तंत्र पुढे २०१३ मध्ये दुसऱ्या एका कंपनीकडे गेले.

पडद्याचीच निवड का?

द्रवस्फटिकाच्या, म्हणजे एलसीडी पडद्यामागे दिवे असतात. त्या वेळचे नवे दिवे म्हणजे निळ्या एलईडीवर पिवळ्या प्रदीपक पदार्थाचा लेप असलेले. निळा आणि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरे दिसते. पण पडद्याला हवे असतात तीन रंग: लाल, हिरवा आणि निळा. या पांढऱ्या प्रकाशात शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा कमी आणि मधले पिवळे रंग जास्त. गाळण्यांनी ते गाळावे लागतात, त्यात बराच प्रकाश वाया जातो आणि रंगही फिके राहतात.

आता निळ्या एलईडीवरचा पिवळा लेप काढून टाकला आणि पुढे हिरव्या व लाल पुंजबिंदूंचा एक पातळ पापुद्रा ठेवला, तर काय होईल? निळ्या प्रकाशाचा काही भाग तसाच पुढे जाईल. काही भाग हिरव्यात आणि काही लाल रंगात बदलेल. म्हणजे हवे ते तीन रंग थेट मिळाले!

येथे पूर्वीची अडचण पुन्हा आडवी येते. बिंदूंना ऑक्सिजन आणि बाष्प सोसत नाही. यावर उपाय म्हणून बिंदूंचा थर दोन संरक्षक पटलांमध्ये बंद करावा लागतो. अशी पटले मोठ्या प्रमाणावर बनवण्याची कला थ्रीएम या मोठ्या कंपनीला अवगत होती. २०१२ मध्ये या दोघींनी मिळून असे पटल बनवण्याचे काम जाहीर केले. त्याआधी २०१० मध्ये सॅमसंग या कोरियन उद्योगाने नॅनोसिसमध्ये पैसेही गुंतवले होते. २०१३ मध्ये ॲमेझॉनच्या किंडल फायर एचडीएक्स या उपकरणाच्या पडद्यात नॅनोसिसचे पुंजबिंदू आले. त्याच वर्षी क्यूडी व्हिजन या दुसऱ्या लहान अमेरिकन कंपनीचे बिंदू सोनीच्या टीव्हीत आले.

या निवडीतील खरी खुबी अशी: पडद्याच्या मागे प्रकाश पसरवणारी पटले पूर्वीपासूनच बसवली जात. त्यातल्या एका पटलाच्या जागी हे नवे पटल बसत होते. टीव्ही बनवणाऱ्याला आपला कारखाना मोडून नवा उभारावा लागत नव्हता. मंदीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या गिऱ्हाइकाला ‘सगळे बदला’ असे सांगणे आणि ‘एवढे एकच पटल बदलून पाहा’ असे सांगणे, यात केवढा फरक आहे!

जी झाडे वाळली

एकाच कंपनीची गोष्ट ऐकून नियम काढणे हे शास्त्रीय पद्धतीला धरून होणार नाही. म्हणून आणखी दोन उदाहरणे पाहू.

कोनार्का ही कंपनी २००१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात निघाली. विद्युतवाहक प्लास्टिकच्या शोधासाठी २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळवणारे ॲलन हीगर हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. लवचीक प्लास्टिकचे सौरघट बनवण्याचा तिचा उद्योग. १५ कोटी डॉलरहून अधिक भांडवल तिने उभारले होते. पण स्वस्त झालेल्या सिलिकॉनपुढे तिचा माल टिकला नाही. जून २०१२ मध्ये तिने दिवाळे जाहीर केले.

दुसरी कंपनी ए१२३ सिस्टिम्स. तीही २००१ मध्ये त्याच राज्यात निघाली. लोह-फॉस्फेटाचे अब्जांश कण वापरून ती लिथियम बॅटरी बनवत असे. तिला पैशाची वाण पडली नाही. मंदी पुरती ओसरली नसताना, सप्टेंबर २००९ मध्ये, तिने भागविक्रीतून सुमारे ३८ कोटी डॉलर उभारले. अमेरिकन सरकारने कारखान्यांसाठी जवळजवळ २५ कोटी डॉलरचे अनुदानही मंजूर केले. कंपनी झपाट्याने वाढली. परंतु विजेच्या मोटारी अपेक्षेएवढ्या खपल्या नाहीत. त्यातच २०१२ मध्ये तिच्या एका कारखान्यातून सदोष बॅटऱ्या बाहेर पडल्याचे आढळले. त्या बदलून देण्याचा भुर्दंड मोठा होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिनेही दिवाळखोरीचा अर्ज केला.

तिन्ही कंपन्या एकाच वर्षी जन्मलेल्या. एकीला २००४ मध्ये बाजारातून पैसा मिळालाच नाही, ती टिकली. एकीला मंदीच्या वर्षातही भरपूर मिळाला, ती तीन वर्षांत बुडाली. तेव्हा पैसा आवश्यक असला, तरी तेवढ्याने भागत नाही, हे स्पष्ट दिसते. पंगत मोठी करण्यापूर्वी लहान पातेल्यातला स्वयंपाक दर वेळी सारखा उतरला पाहिजे.

भवितव्य कसे ओळखावे?

मंदीनंतर एखाद्या लहान विज्ञानाधिष्ठित कंपनीची प्रकृती तपासायची असेल, तर पुढील पाच प्रश्न विचारावेत.

१. हातातील पैसा किती महिने पुरेल, आणि माल बाजारात यायला किती महिने लागतील?

२. प्रयोगशाळेतील माल कारखान्यातही तसाच निघतो का? शंभराव्या बॅचचा रंग पहिल्या बॅचसारखाच आहे का?

३. गिऱ्हाइकाला हा माल वापरण्यासाठी आपल्या कारखान्यात किती बदल करावा लागेल?

४. ज्या वस्तूची जागा हा माल घेणार, ती वस्तू उद्या स्वस्त झाली तर काय?

५. हा माल माणसाला आणि निसर्गाला सुरक्षित आहे का?

पाचवा प्रश्न शेवटी लिहिला म्हणून कमी महत्त्वाचा नव्हे. कॅडमियम विषारी आहे. जपानमधील तोयामा प्रांतात खाणीतून नदीत गेलेल्या कॅडमियममुळे शेकडो लोकांची हाडे ठिसूळ झाली आणि त्यांनी असह्य वेदना भोगल्या. युरोपात २००६ पासून विद्युत उपकरणांतील कॅडमियमवर कडक मर्यादा आहे. कोणत्याही एकजिनसी भागात ते वजनाच्या दहा हजारांत एका भागाहून अधिक चालत नाही. पुंजबिंदूंच्या पडद्यांना काही काळ सूट देण्यात आली, पण सूट कधीतरी संपणारच. म्हणून इंडियम फॉस्फाइडचे कॅडमियमविरहित बिंदू बनवण्याचे प्रयत्न झाले, आणि २०१५ मध्ये सॅमसंगने असे टीव्ही बाजारात आणले. पैशाची ओढाताण असताना हा खर्च पुढे ढकलावा असा मोह होतो. पण जी कंपनी तो ढकलते, तिच्या गिऱ्हाइकाला उद्या कायदाच अडवतो.

आता नॅनोसिसचे पुढे काय झाले? ती मोठी होऊन जगभर पसरली असे घडले नाही. २०२३ मध्ये शोएई केमिकल या जपानी कंपनीने तिचा व्यवसाय विकत घेतला. क्यूडी व्हिजनची मालमत्ता त्यापूर्वीच, २०१६ मध्ये, सॅमसंगकडे गेली होती. लहान कंपन्यांचा शेवट बऱ्याचदा असा होतो. पाटी बदलते, पण तंत्र आणि ते जाणणारी माणसे कामात राहतात.

कोनार्काचे दिवाळे निघाले, म्हणून विद्युतवाहक प्लास्टिकचे विज्ञान खोटे ठरले नाही. नॅनोसिसचे बिंदू टीव्हीत चमकले, म्हणून ते विज्ञान अधिक खरेही झाले नाही. निसर्गाचे नियम बाजारभावाप्रमाणे बदलत नाहीत. मात्र त्या नियमांचा उपयोग लोकांच्या हाती केव्हा पडेल, हे माणसांच्या निवडीवर आणि चिकाटीवर अवलंबून असते. १९८१ मधील रंगीत काच आणि २०१३ मधील पडदा यांच्यात बत्तीस वर्षे गेली. तुमच्यापैकी काही जण उद्या संशोधक होतील, काही कारखाने काढतील, काही बँकांत बसून कर्जाचे अर्ज तपासतील. यांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याची भाषा थोडी तरी समजली, तर पुढच्या मंदीत एखादा चांगला शोध वाटेत अडकणार नाही.

स्वाध्याय

१. लेखातील काल्पनिक कंपनीने खर्च दरमहा १२ लाखांवर आणल्यावर तिला नमुन्यांच्या विक्रीतून दरमहा ३ लाख रुपये मिळू लागले. आता शिल्लक पैसा किती महिने पुरेल?

२. दोन गोलाकार पुंजबिंदूंचे व्यास ३ आणि ५ नॅनोमीटर आहेत. त्यांच्या घनफळांचे गुणोत्तर काढा. लेखात दिलेल्या अणूंच्या संख्यांशी ते जुळते का पाहा.

३. करून पहा: अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा पूर्ण पांढरा करा. जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर त्याचे प्रतिबिंब तिरपे धरून पाहा. रंगांचे पट्टे दिसतील. शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या पडद्यांची तुलना करा. कोणत्या पडद्यात लाल, हिरवा आणि निळा अधिक सुटे दिसतात? कोणत्यात पिवळा मिसळलेला दिसतो? निरीक्षणे वहीत लिहा. सूर्याकडे मात्र सीडीतूनही पाहू नका.

४. वर्गात चर्चा करा: तुमच्या गावातील किंवा शहरातील एखादा लहान उद्योग निवडा. गुऱ्हाळ, छापखाना, यंत्रमाग, बेकरी, काहीही चालेल. वरील पाच प्रश्न त्याला लावून पाहा. कोणता प्रश्न त्याच्या मालकाला सर्वांत अवघड वाटेल, आणि का?